परतीचे किलोमीटर

संपतनं जीपच्या इंजिनचं हेड खोलून बाकड्यावर ठेवलं, आत बॅटरीचा उजेड मारला, सिलिंडरच्या कडेनं बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बघा शेठ."

"मला काय दाखवतोस? मी भांडी विकतो," मी म्हटलं.

तो हसला नाही. एरवी संपत स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा माणूस. शिनोलीत रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे. भीमाशंकरला निघालेले पुण्याचे लोक पुढच्या चढाच्या भीतीनं इथं थांबून ब्रेक तपासून घेतात, आणि संपत त्यांना म्हणतो, देवाच्या आधी मी भेटलो, तर नारळ मला पण द्या. असा माणूस गप्प झाला की समजावं, खर्च मोठा आहे.

प्रश्न साधा होता. बावीस वर्षांची जीप. धूर सोडते, ऑइल पिते, चढाला धापा टाकते. हिचं इंजिनकाम करायचं की भंगारात द्यायची? माझी बायको हर्षा हिचं मत दोन वर्षांपासून ठरलेलं होतं, "त्या खटाऱ्याला एकदाचा हार घाला." माझ्या मेव्हण्याचं मत त्याहून पक्कं, कारण त्यानं नुकतीच नवी गाडी घेतली होती. नवी गाडी घेतलेल्या माणसाला जगात सगळ्यांनीच नवी घ्यावी असं वाटतं.

मला जीप ठेवायची होती. आणि त्याचं कारण घरी माळ ओढत बसलं होतं.

घोडेगावच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले. आता आम्हाला मारवाडी धड बोलता येत नाही, आणि भांडताना तर आम्ही अस्सल आंबेगावकर. पण आईनं एक गोष्ट सोडली नाही. सूर्य मावळला की तिचं अन्नपाणी बंद. पाण्याचा थेंब नाही, औषधाची गोळी नाही. ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून दोन घडी उलटल्यावर. आमच्यात याला चोविहार म्हणतात. बरेच लोक आजारपणात औषधापुरती सूट घेतात. आई घेत नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाली, "प्रितम, तुला दुकानात घासाघीस करायची सवय आहे. इथं नको."

वडिलांचाही चोविहार होता. चांदमलशेठ म्हणजे बाजाराचा माणूस. जीप घेतली ती त्यांनीच, आणि गाडी दारात आली त्याच दिवशी त्यांनी जन्मभराचं पचक्खाण घेतलं, म्हणजे तसा नेम केला. मग मागं पातेली-हंडे बांधून आज निरगुडसर, उद्या राजुरी, परवा आणखी कुठं. कितीही लांब गेले तरी सूर्य असताना ते घरात असायचे, एक दिवस चुकला नाही. पेठेतले लोक म्हणायचे, चांदमलशेठची जीप आली, आता अर्ध्या तासानं दिवे लावा. आम्ही म्हणायचो, पुण्याई. दुसरं काय म्हणणार? जैनाच्या घरात नेम पाळला जातोय, तर तो कसा पाळला जातोय हे कोणी विचारत बसत नाही. मीही विचारलं नाही.

ते पंचावन्नाव्या वर्षी गेले. फोटो मोठा करायला मंचरच्या स्टुडिओत दिला, तर तो म्हणाला, "आजोबांचा का?" त्या वेळी मी त्याच्यावर उगाच डाफरलो.

तीन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या थकल्या. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस, तेही पार आळेफाट्याच्या बाजूला. मशिनं थोडी, नंबर मोठा. सकाळची पाळी मिळाली नाही, दुपारची मिळाली. तिथून निघायला सव्वापाच होतात. डायलिसिस झाल्यावर तासभर तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, म्हणून तिथं जेवायचा प्रश्नच नाही. घरी यायला नारायणगाव, कळंब, मंचर करत सव्वा तास. उन्हाळ्यात निभतं. थंडीचे चार महिने मात्र सूर्य सहालाच डोंगराआड जातो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्या दिवशी त्या उपाशी राहिल्या तर साखर इतकी उतरेल की सकाळ दिसायची नाही.

आणि या तीन वर्षांत आम्ही एकदाही उशिरा पोचलो नाही.

गेल्या थंडीत माझी कंबर धरली. चार महिने मी सरळ उभा राहू शकत नव्हतो. तेव्हा माझी जागृती, कॉलेजात शिकणारी एकोणीस वर्षांची पोरगी, नवीकोरी लायसनवाली, आजीला घेऊन दर मंगळवारी नि शुक्रवारी जात होती. तिनंही आजीला कधी उपाशी ठेवलं नाही. मला इतकं भरून यायचं, की देवासमोर बसलो की आधी तिचं नाव घ्यायचो, मग आईचं, आणि हसू नका, तिसरं त्या जीपचं.

"ही गाडी तुमी कुणाकडनं घेतली?" गॅरेजात संपतनं विचारलं.

"शोरूममधून. बावीस वर्षं आमच्याच दारात आहे. तुला माहीत नाही का?"

"मग मीटर कुणी मागं फिरावला?"

"आम्ही? अरे, विकायची नाही ती गाडी, मीटर कशाला फिरवू? खुळा झालास का?"

"मीटर सांगतोय तीन लाख अठरा हजार." त्यानं फडक्याला हात पुसले. "ह्यो सिलिंडरचा घासलेला बोअर सहा लाखाच्या खालचा न्हाई शेठ. मी तीस वर्सं हेच करतोय. निम्मं किलोमीटर कुठं गेलं?"

मी म्हटलं, मीटरची केबल तुटली असेल मधे. त्यानं ती आधीच काढून बघितली होती. ठणठणीत होती.

सुटे भाग यायला आठवडा लागणार होता. तोवर मंगळवार आला. मी मेव्हण्याची नवी गाडी मागून घेतली. एसी, स्क्रीन, बाईचा आवाज उजवीकडे वळा म्हणणारा. सव्वापाचला निघालो. नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांची रांग, मंचरला चौकात वाहतूक तुंबलेली. पेठेत शिरलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि दुकानांचे दिवे लागलेले होते.

 आईनं हात-पाय धुतले, माळ घेतली, आडवी झाली. हर्षानं वाटीत मुगाचं पाणी आणलं. आईनं वाटी हातानं हळूच लांब केली. "उद्या," म्हणाली. "अगं, रागावू नकोस. तू कर तुझं जेवण."

पहाटे हर्षानं हाक मारली तेव्हा आई घामानं भिजलेली होती आणि मला वडिलांच्या नावानं हाक मारत होती. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. त्या दिवशी ती वाचली ती त्यांच्या हाताला यश होतं म्हणून. मी त्यांच्या पाया पडलो. ते अवघडून गेले, कारण आम्ही दोघं जवळपास एका वयाचे दिसत होतो, आणि ते साठीचे आहेत. मी त्रेचाळीसचा.

हे दिसण्याचं तुम्हाला सांगायचं राहिलं. तीन वर्षांत माझे केस पिकले, दोन दाढा गेल्या, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला. काळजीनं, असं सगळे म्हणतात. डायलिसिसवाल्या सिस्टरनं एकदा आईला विचारलं, "आजी, हे तुमचे भाऊ का?" आई इतकी हसली की सुई हलली. मला मात्र काही हसू आलं नाही.

गुरुवारी मी संपतला म्हटलं, "जे काय टाकायचं ते टाक, पण उद्या मला गाडी पाहिजे." त्यानं तात्पुरत्या रिंगा बसवून गाडी जोडली. म्हणाला, "मी संगं येतो. इंजिनचा आवाज बी ऐकू आणि मीटर बी बघू. एकदा माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर मी तुमाला करा बी म्हननार न्हाई आन् मोडा बी."

शुक्रवारी निघताना त्यानं मीटरचा आकडा स्वतःच्या तळहातावर पेनानं लिहिला. आळेफाट्याकडं पोचलो तेव्हा सेहेचाळीस किलोमीटर वाढले होते. वेळ सव्वा तास. आईनं जाताना पाच माळा केल्या. ती नवकार मंत्राच्या माळा मोजते, एका माळेला पाव तास, घड्याळापेक्षा पक्का हिशेब.

"झालं की," मी म्हटलं. "मीटर तुझ्या डोळ्यादेखत पळतोय. तुझं बोट चुकलं."

"परतीचं बघू," संपत म्हणाला.

सव्वापाचला निघालो. आई मागच्या सीटवर, डोळे मिटलेले, हातात माळ. संपत माझ्या शेजारी, कान इंजिनकडं. ऊन उजव्या खिडकीतून येत होतं. गाडीची सावली डाव्या हाताला उसाच्या पाचटावर पडली होती.

"आवाज लई गोड झाला ओ," संपत म्हणाला.

मला तो नेहमीचाच वाटला. परतीला ती अशीच चालते. मी इतकी वर्षं समजत होतो, घराकडं तोंड केलं की जनावर चालतं तसं.

नारायणगाव आलं. टोमॅटोचे क्रेट, माणसं, सगळं होतं. रांगसुद्धा होती. आम्ही तिच्यातून गेलो. कसे गेलो हे मला सांगता येणार नाही, कारण मी नेहमीसारखाच गेलो. माणसं होती पण कोणी आमच्याकडं बघत नव्हतं. हॉर्न ऐकू येत नव्हते. काचा उघड्या होत्या आणि वारा लागत नव्हता.

"शेठ," संपत हळू म्हणाला. "सावली बघा."

मी बघितली. निघताना होती तेवढीच. तशीच, पाचटावर.

मागं आईच्या तोंडातलं पुटपुटणं चालू होतं. मणी सरकल्याचा आवाज येत होता. एक माळ. दुसरी. तिसरी कळंबपाशी. संपतनं मीटरवर बोट ठेवलं होतं आणि ते काढत नव्हता.

आकडा हलत नव्हता.

काटा साठवर. चाकं फिरत होती. स्टेअरिंग माझ्या हातात थरथरत होतं. आकडा तोच.

मंचरला उजवीकडं वळलो. आता सूर्य समोर आला. डोंगराच्या वर, चार बोटं.

चौथी माळ.

माझे खांदे दुखायला लागले. ते नेहमी इथंच दुखतात.

पाचवी माळ.

चार बोटं. तेवढीच.

घराच्या दारात गाडी बंद केली आणि एकदम सगळे आवाज आले. कुत्रं, शेजारचा मिक्सर, शाळेतली पोरं. संपतनं खिशातून मोबाइल काढला. पाच वाजून वीस मिनिटं. मग त्यानं मीटर बघितला, मग तळहात. सकाळपासून सेहेचाळीस. एक जास्त नाही.

आई उतरली, सूर्याकडं बघून हात जोडले आणि आत गेली. पाच मिनिटांत ताट वाजल्याचा आवाज आला. त्या आवाजासाठी मी काय देणार नाही? खरंच सांगतो, मला भीती वाटली नाही. त्या खटाऱ्याच्या बॉनेटवर डोकं टेकलं आणि मी एवढा मोठा माणूस हमसून रडलो. बॉनेट कोमट होतं.

संपत मात्र गाडीपासून लांब उभा होता.

"शेठ, येक इचारू? तुमी माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात व्हता ना? सावळेरामच्या?"

"हो. एका बाकावर."

तो माझ्या केसांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जे किलोमीटर मीटरवर आलं न्हाई, ते कुठंतरी लागत्यातच ओ. इंजिनला लागल्यात, ते मी बघितलं." आणखी काही तोंडात आलेलं त्यानं गिळलं. "तुमच्या वडलांचा शेवटचा फोटो पेठेतल्या दुकानात लावलेला हाय. किती वय व्हतं त्यांचं?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली, जणू बोअरचं माप ऐकावं तशी.

आम्ही ओट्यावर बसलो. हर्षानं चहा आणला.  मग मनात जे होतं ते स्वच्छ झालं, आणि मी ते त्याला सांगितलं. म्हटलं, संपत, मी खुळा नाही. तू काय म्हणतोस ते मला कळलंय, आणि तू ते म्हणाला नाहीस याबद्दल तुझे उपकार. पण आईनं मला नऊ महिने पोटात वागवलं, त्याचा मीटर कोणी लावला होता का? वडील पण रोज घरी आले. त्यांना ठाऊक असेल किंवा नसेल. माझे केस पिकले तर पिकले. दोन दाढांच्या बदल्यात मला ते ताट वाजलेलं ऐकू येतं. यापेक्षा स्वस्त गाडी मला कोण देणार आहे? तू पूर्ण इंजिन कर. नवं कर.

संपत चहाच्या पेल्यात बघत होता. "करतो," म्हणाला. "मजुरी घेणार न्हाई. फक्त येक ऐका माझं. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात चावी द्यायची न्हाई. कुणाच्याच."

"नाही देणार," मी म्हटलं.

आणि गेली थंडी आठवून पेला खाली ठेवला.

त्यानं लागणाऱ्या सामानाची यादी लिहिलेला कागद माझ्या हातात दिला आणि एसटी पकडायला निघून गेला. मी कागद घेऊन आत आलो. जागृती आजीच्या ताटाशेजारी बसली होती. आजी नात दोघी कशावर तरी हसत होत्या. आईच्या गालावर जेवणानंतरची लाली होती. घरात इतकं समाधान होतं की मला दारातच उभं राहावंसं वाटलं.

"पप्पा, गाडी होणार ना?" जागृतीनं विचारलं. "मामांची नको. मला हीच आवडते. आजीला वेळेत आणते. तुमची कंबर धरली तर यंदा पण मीच जाईन."

 तिनं माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

"संपतकाकांचं अक्षर काय बारीक आहे हो."

तिनं कागद थोडा लांब धरला. मग आणखी थोडा. मग हात पूर्ण लांब केला आणि डोळे बारीक केले. शेवटी फळीवरचा माझा चष्मा सहज उचलून नाकावर ठेवला, वारंवार उचललेला असावा तसा, आणि घडाघडा वाचायला लागली. पिस्टन चार. रिंगसेट एक. बेअरिंग.

"याच्यात मस्त दिसतं," ती म्हणाली. "मला पण असाच एक करून आणा ना, पप्पा."